बेड क्रमांक ब-२१७

शुक्रवारी सकाळी साडेआठला श्रीहरी कोंडावारांनी तोच निरोप तिसऱ्यांदा वाचला आणि तिसऱ्यांदा त्यांचं डोकं फिरलं.

'जमना दसरू पुंगाटी. डंपर ऑपरेटर. बेड ब-२१७. पाळी चुकली. बेड रद्द. सात दिवसांत खाली करावा.'

"चुकली? कोणाची? जमनाची?" कोंडावार समोरच्या पडद्यावर खेकसले. पडदा अर्थातच गप्प राहिला. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं, नाहीतर त्यालाही दोन शब्द ऐकून घ्यावे लागले असते.

तोंडेरच्या लोहखाणीत अकराशे साठ माणसं कामाला होती आणि त्यांच्यापैकी कोणाला कुठं ठेवायचं हे ठरवणं हे कोंडावारांचं काम. निदान नेमणुकीच्या पत्रात तसं लिहिलं होतं. खाण अहेरीच्या पलीकडे जंगलाच्या पोटात. धड लॉज गाठायचं तर दोन तास जीप हाणावी लागे, म्हणून सगळ्यांचा मुक्काम कंपनीच्या कॅम्पात. त्याआधी बावीस वर्षं कोंडावारांनी सरकारी आदिवासी वसतिगृहात गृहपाल म्हणून काढली होती. कोणाला कोणाशेजारी ठेवलं की भांडणं होतात, कोण घोरतो, कोणाला खिडकीजवळची जागा दिली की तो पळून जातो, हे त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं. त्या अनुभवावरच कंपनीनं त्यांना घेतलं आणि घेतल्यावर सहा महिन्यांत तो अनुभव अडगळीत टाकून 'सुनिद्रा' आणली.

सुनिद्रा आली ती कायद्याचं बोट धरून. शंभर टनांचा डंपर चालवणाऱ्याला क्षणभर डुलकी लागली तरी दोन-चार माणसं जातात. खाणींमधले असे अपघात फार वाढले तेव्हा नियम झाला की, मोजून साडेसहा तास झोप झाल्याशिवाय कोणी यंत्रावर हात ठेवायचा नाही. मोजायचं कसं? तर प्रत्येक गादीखाली चार बोटं रुंदीची एक पट्टी. हृदयाच्या दर ठोक्याला रक्त जोरानं पुढं जातं आणि सगळं अंग केसभर हलतं. ते आपल्याला जाणवत नाही, पण पट्टीतल्या काचेच्या बारीक तंतूंना जाणवतं. ठोके, श्वास, कूस बदलणं, अंगाची ऊब असं सगळं रात्रभर टिपलं जायचं आणि सकाळी माणसाच्या नावापुढं त्याच्या झोपेचे गुण पडायचे. कामगारांनी त्या पट्टीचं बारसं पहिल्याच आठवड्यात उरकलं. ते तिला 'झोपपट्टी' म्हणत.

एवढ्यावर भागलं असतं तर कोंडावारांची तक्रार नव्हती. पण झोप मोजता येते म्हटल्यावर ती वाढवताही आली पाहिजे, असं वरच्यांना वाटू लागलं. प्रत्येकाच्या मेंदूत एक घड्याळ असतं. कोणाचं पुढं धावतं, कोणाचं मागं राहतं. सुनिद्रानं सगळ्या कॅम्पाचे कोंबडे आणि घुबडं अशा दोन जाती पाडल्या आणि खोल्या त्याप्रमाणे वाटायला घेतल्या. जमना कोंबडा निघाली, तिचा नवरा दसरू घुबड. तो वर्कशॉपात डंपरचे माणसापेक्षा उंच टायर बदलायचा. लग्नाला दोन वर्षं झालेली, पण ती बायकांच्या ब ब्लॉकमध्ये आणि तो अ ब्लॉकमध्ये. त्यांनी एकत्र जागेसाठी तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा उत्तर आलं, 'एकत्र मुक्कामात झोपेची घट संभवते.' कोंडावारांनी तिन्ही वेळा ते उत्तर सही करून पुढं दिलं होतं. मनातून चिडून, पण सही करून.

एक गोष्ट मात्र कोंडावारांच्याच नावावर लिहायला हवी. सुनिद्रा आली तेव्हा इंग्रजी बोलत होती आणि तिला मराठी शिकवायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. 'शिफ्ट' हा शब्द त्यांना फार दिवसांचा खुपत होता. त्यांनी तो जिथं दिसला तिथं खोडला आणि 'पाळी' लिहिलं. चांगला जुना शब्द. कामगार मंडळी 'ड्यूटी' म्हणायची, पण कागदावर शुद्ध हवं. नवे नियम वाचून दाखवले तेव्हा 'न कळवता पाळी चुकल्यास बेड रद्द होईल' या वाक्याला बायकांच्या रांगेत खसखस पिकली होती. कोंडावारांना वाटलं, शुद्ध मराठीची सवय नाही बिचाऱ्यांना, होईल हळूहळू.

तर आता त्यांनी हजेरी उघडली. चौदा महिने. जमनाची एकही गैरहजेरी नाही. या क्षणीसुद्धा ती खाली खड्ड्यात डंपर चालवत होती. आणि हे यंत्र तिला घराबाहेर काढायला निघालं होतं! वर तिचं नाव मेसमधल्या मोठ्या बोर्डावर 'चुकलेल्या पाळ्या' या मथळ्याखाली झळकतही असणार. कोंडावार खुर्ची पुढं ओढून आक्षेप लिहायला बसले.

'मी, निवास अधिकारी श्रीहरी कोंडावार, स्वतः तपासून प्रमाणित करतो की श्रीमती जमना पुंगाटी यांची गेल्या चौदा महिन्यांत एकही पाळी चुकलेली नाही. त्या अत्यंत नियमित आहेत. याबाबत माझी पूर्ण खात्री आहे.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. झणझणीत उतरलं होतं. प्रत सर्व विभागप्रमुखांना, प्रत नागपूर मुख्य कार्यालयाला. आणि बदनामी चारचौघांत झाली तर खुलासाही चारचौघांत व्हावा, म्हणून त्यांनी तो मेसच्या बोर्डावरही लावायचा आदेश दिला.

दहा मिनिटांत नागपूरहून देशकर साहेबांचा फोन आला. हे कंपनीचे महाव्यवस्थापक. सुनिद्रा यांनीच आणली होती.

"कोंडावार, हे तुमचं प्रमाणपत्र," देशकरांचा आवाज काहीतरी दाबल्यासारखा येत होता, "तुमची खात्री नेमकी कशी झाली म्हणायची?"

"रजिस्टर पाहिलं ना साहेब! रोजच्या रोज नोंद आहे."

"रोजच्या रोज?"

"चौदा महिन्यांची. माझ्या हातात आहे."

पलीकडे बराच वेळ खोकला चालला. मग देशकर म्हणाले, "बरं बरं. सोमवारी मी पाहणीला येतोय. गेस्ट हाऊसची मोठी खोली तयार ठेवा." आणि फोन बंद झाला. नागपुरात हवा बिघडलेली दिसते, असं कोंडावारांच्या मनात आलं.

अकरा वाजता पौर्णिमा बारसागडे दार न वाजवता आत आली. ती कॅम्पातली नर्स. एरवी हसऱ्या चेहऱ्याची, आज हसत नव्हती.

"सर, बोर्डावर काय लावलंय तुम्ही?"

"खुलासा लावलाय. यंत्रानं चूक केली."

"यंत्रानं चूक केलेली नाही." तिनं दार ओढून घेतलं. "ही पाळी ती पाळी नाही, सर."

कानापासून मानेपर्यंत कोंडावारांना एकदम गरम झालं. बावीस वर्षं मुलांचं वसतिगृह चालवलेला माणूस. मुलींचं असतं तर हा शब्द नियमांत लिहिताना हात थबकला असता.

पौर्णिमानं मग जे झालं ते नीट सांगितलं. पट्टी अंगाची ऊब टिपते. बाईच्या अंगाची ऊब महिन्याच्या मध्यावर थोडीशी, जेमतेम अर्धा अंश, चढते आणि पाळी यायच्या सुमाराला उतरते. ती अठरा-वीस दिवस उतरलीच नाही आणि झोपेतले ठोकेही वाढले, तर दिवस गेलेले असण्याची शक्यता फार. ही नोंद सुनिद्राच्या आरोग्य विभागात होते आणि ती फक्त नर्सला दिसायला हवी. पण आरोग्याचे शब्द नागपूरच्या कोणा डॉक्टरनं लिहिले होते, त्यानं साधं सरळ 'पाळी चुकली' लिहिलं. निवास विभागात अगदी तेच दोन शब्द कोंडावारांनी लिहून ठेवलेले. शब्द जुळले, नोंद इकडून तिकडं गेली, बेड रद्द झाला आणि नाव बोर्डावर चढलं.

"म्हणजे जमना..." कोंडावारांना पुढचा शब्द उच्चारवेना.

"हो. आणि सकाळपासून सगळ्या बायकांना कळलंय. तुमचा खुलासा वाचून पुरुषांनाही कळलं."

"तिला ठाऊक आहे का?"

"ते मला नाही माहीत. ती सहापासून खाली आहे. पण दसरू साडेबाराला मेसमध्ये जेवायला येतो, सर."

कोंडावारांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या तासाभरात त्यांनी जेवढा संताप केला तेवढा बावीस वर्षांत केला नव्हता. बोर्डावरचा मजकूर काढायला सांगितला. सुनिद्रा म्हणाली, 'आक्षेप प्रलंबित असताना नोंद काढता येत नाही. निर्णय तीन दिवसांत.' आक्षेप मागं घेतो म्हणाले. 'आक्षेप मागे घेतल्यास मूळ नोंद कायम राहील.' ते मेसमध्ये धावले आणि बोर्डाची वायर उपटली. बोर्डाला बॅटरी होती. उलट आता तो जास्त लखलखू लागला, कारण वीज गेली की सूचना ठळक दिसाव्यात अशी सोय होती. ती सोय सुचवणारे देशकरच. शेवटी कोंडावार बाकावर चढले आणि एका बेडशीटनं बोर्ड झाकून चारी टोकं खिळ्यांना गुंडाळली. शीट पातळ होतं. त्यांनी वरून एक घोंगडी टाकली.

मग नियंत्रण कक्षाला फोन. पुंगाटीला वर पाठवा, दुसरा ऑपरेटर बसवा. कारण? "घरगुती." घरगुती हे कारण यादीत नाही, पलीकडून सांगण्यात आलं. "मग माझं नाव टाका!" कोंडावार ओरडले. "कारण, कोंडावार!"

बारा वाजून दहा मिनिटांनी जमना दवाखान्यात आली. सत्तावीस वर्षांची, काटक, भामरागडकडच्या गावची. चेहऱ्यावर लाल धूळ बसलेली, हेल्मेट हातात. पौर्णिमा बाजूला उभी राहिली. कोंडावारांनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं, स्वतःचं प्रमाणपत्र आणि बोर्डासकट.

जमना ऐकत होती. मग म्हणाली, "तुमाले कोनं सांगतलं होतं खात्री कराले?"

"कोणी नाही. मला वाटलं, तुझ्यावर अन्याय होतोय."

"मले चार दिस झाले समजून." तिचा आवाज चढला नाही, पण हेल्मेट धरलेली बोटं घट्ट झाली. "रविवारी बाजारात सांगनार होती मी त्याले. आमाले दोघाले बोलाले जागा तरी हाय का कॅम्पात? तिथं मी, इथं तो. म्हून बाजाराची वाट पाहत होती. आता पूऱ्या कॅम्पाले माहीत झालं न् बापालेच माहीत नाई."

कोंडावारांनी मान वर केली नाही. माफी मागायचे शब्द त्यांच्याकडे पुष्कळ होते, सगळे शुद्ध, आणि त्यातला एकही कामाचा नव्हता. "अजून त्याला कळलं नाही," एवढंच ते म्हणाले. "वीस मिनिटं आहेत. चल."

साडेबाराला दसरू मेसमध्ये शिरला तेव्हा दोनशे माणसं जेवत होती. एरवी तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आज सगळे ताटात बघून जेवत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदाच डाळभात दिसला होता.

"बोर्डाले काय झालं जी?" दसरूनं घोंगडीकडे बघत विचारलं.

"बिघडला," चार-पाच जण एकदम म्हणाले. एवढ्या लोकांना एक गोष्ट पोटात ठेवता येते, यावर कोंडावारांचा विश्वास बसेना.

जमना मागच्या दारात उभी होती. तिनं नुसती मान हलवली. दसरू हात न धुता तिच्या मागं गेला. पाण्याच्या टाकीपाशी ती दोघं थांबली. मेसच्या खिडकीतून कोंडावारांना बोलणं ऐकू येत नव्हतं आणि त्यांनी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. दसरू एकदम उकिडवा बसला. दोन्ही हात डोक्यावर. मग उठला. काय करावं ते त्याला सुचेना, तेव्हा त्यानं जमनाच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहिला. कोंडावार खिडकीतून बाजूला झाले. त्यांना भरून आलं होतं आणि त्याचाही त्यांना राग आला.

पण बेडचा प्रश्न तसाच होता. दोन वाजता ती दोघं ऑफिसात आली. आक्षेप दुरुस्त करायला कोंडावारांनी नोंद उघडली तर सुनिद्राच्या आरोग्य विभागानं विचारलं, 'पाळी चुकली आहे काय? होय. नाही.'

कोंडावारांनी हात मागं घेतला. "हे मी नाही सांगणार," ते म्हणाले. "पुन्हा नाही."

जमना पुढं झाली. तिनं पडदा वाचला, दसरूकडे पाहिलं आणि बोटानं 'होय' दाबलं.

सुनिद्रा लगेच समजूतदार झाली. 'नोंद दुरुस्त. अभिनंदन. डंपर चालविण्यास मनाई. हलके काम. स्थलांतर: नागपूर डेपो, सात दिवसांत. कुटुंबासह निवास असल्यास स्थलांतर आवश्यक नाही.'

"नागपूरले मी नाई जात," जमना म्हणाली. "हलकं काम इथं काटाघरात हाय. ट्रकाचं वजन लिवाले मले येते. एकटी तिकडं काहून जाऊ?"

"कुटुंबासह निवास," कोंडावारांनी ते शब्द पुन्हा वाचले. कॅम्पात फॅमिली क्वार्टर एकही नव्हतं. बांधायची होती, पण त्याआधी सुनिद्रा आली आणि तिनं गरज नाही म्हणून सांगितलं. जोडीला राहता येईल अशी एकच जागा सध्या रिकामी होती, गेस्ट हाऊसची मोठी खोली. त्यांनी तिच्यापुढं दोघांची नावं टाकली. उत्तर आलं, 'नामंजूर. झोपेची घट. पुरावा पाहा.'

त्यांनी पुरावा पाहिला. चौदा महिन्यांच्या हिरव्या चौकोनांमध्ये एका जागी नऊ लाल चौकोन होते. दोघांच्याही नावापुढं, त्याच नऊ तारखांना. खाली शेरा होता, 'वर्षातील सर्वांत निकृष्ट झोप. या मुक्कामाची पुनरावृत्ती टाळावी.'

"हे लाल कायचं हाय?" जमनानं विचारलं.

कोंडावारांना आठवलं. गेल्या महिन्यातल्या वादळात अ ब्लॉकचे पत्रे उडाले होते, तेव्हा त्यांनी जागा नाही म्हणून चार जोडप्यांना गेस्ट हाऊसमध्ये टाकलं होतं. "तुम्ही दोघं गेस्ट हाऊसला होता ना, त्या नऊ रात्री. सुनिद्रा म्हणते, तुम्ही अजिबात नीट झोपला नाहीत."

दसरू पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. जमना आधी ओठ दाबून राहिली, मग तिला हसू आवरलं नाही. "बरोबर हाय तिचं," ती म्हणाली. हसू ओसरल्यावर तिनं पडद्यावर बोट टेकवलं, त्या नऊ चौकोनांवर. "पन साहेब, आमी इथं झोपाले नाई आलो. ऱ्हाले आलो."

माणूस नुसता झोपायला येत नाही, राहायला येतो, हे वसतिगृहात असताना कोंडावारांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. इथं मात्र त्यांनी नकारावर तीन वेळा सही केली होती.

पडद्याच्या कोपऱ्यात 'अधिकाऱ्याचा निर्णय' असं एक बटण होतं. ते आजवर कोणी दाबलं नव्हतं, कारण ते दाबलं की पुढं जे होईल त्याला यंत्र जबाबदार राहत नसे. दसरूची झोप अपुरी पडून टायर बदलताना काही झालं, तर चौकशी कोंडावारांची. नोकरीची चार वर्षं उरलेली.

"दसरू, तू झोपला नाहीस तर मी घरी जाईन," कोंडावार म्हणाले. "आणि तू दवाखान्यात. किंवा त्याहून वाईट. कळतंय का?"

"झोपतो जी."

"नाई झोपला त मी कामावर जाऊच देनार नाई," जमना म्हणाली. सुनिद्रापेक्षा या बाईचा धाक जास्त, हे कोंडावारांना दसरूच्या चेहऱ्यावरून कळलं. किती दिवसांनी त्यांना चेहऱ्यावरून काही कळलं होतं. त्यांनी बटण दाबलं. 'कारण' या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'राहण्यासाठी.' मग कपाटातून किल्ली काढून जमनाच्या हातात दिली.

साडेचारला देशकरांचा फोन आला. या वेळी खोकला नव्हता.

"कोंडावार, गेस्ट हाऊसची खोली तुम्ही टायरवाल्याला दिलीत? मी सोमवारी उतरायचं कुठं?"

"अ-९०, साहेब. त्याचाच बेड. आजच रिकामा झालाय. जागा शांत आहे."

कोंडावारांना वाटलं, आता चौकशी लागणार. त्यांची तयारी होती. पण देशकर बोलले ते वेगळ्याच, जरा खालच्या आवाजात.

"ठीक आहे, दोन रात्रींचा तर प्रश्न. पण त्या गादीखालची पट्टी तेवढी काढून ठेवाल ना? नाही म्हणजे, माणसाचं काहीतरी खासगी असतं हो."

"असतं, साहेब," कोंडावार म्हणाले. "मलाही आजच कळलं."

आणि पट्टीबद्दल एक अक्षरही न बोलता त्यांनी फोन ठेवला.